वापस यायची सोय

शाहीनबाजींबद्दल मी चारचौघांत नेहमी चांगलंच बोलत आलो. फार हुशार बाई, कामाला वाघ, वगैरे. आतून मात्र सात वर्षं माझा नुसता जळफळाट होत होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे लिहीन ते कुठल्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहील.

आमची कंपनी कापसाची. सोयगावला जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. करमाडला गोदाम. आणि शहरात, जालना रोडला मुख्य ऑफिस. या तिन्ही ठिकाणचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलते ठेवायचे हे आमच्या सिस्टिम विभागाचं काम. विभाग म्हणजे तीन माणसं: वर पाठक साहेब, त्यांच्या हाताखाली मी आणि शाहीनबाजी. बाजी म्हणजे उर्दूत थोरली बहीण. मी इंजिनिअर. सर्व्हर चालवायच्या लिनक्स प्रणालीच्या दोन परीक्षा पुण्याला जाऊन दिलेल्या, त्यांची सर्टिफिकेटं काचेच्या फ्रेममध्ये घालून टेबलामागच्या भिंतीवर लावलेली. बाजी बारावी पास, तीही दहावीपर्यंत उर्दू शाळेत. कंपनीत आल्या त्या वजनकाट्याच्या पावत्या कॉम्प्युटरवर चढवायला, आणि अठरा वर्षांनंतरही गळ्यातल्या ओळखपत्रावर 'डेटा एंट्री ऑपरेटर' एवढंच होतं.

मी रुजू झालो त्या दिवशी पाठक साहेब म्हणाले, "या शाहीन मॅडम. सर्व्हरचं काही अडलं की यांना विचारत जा." मला वाटलं साहेब गंमत करतायत. मी हसलो. साहेब हसले नाहीत. बाजींनी चष्मा कपाळावर सरकवला, मला खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "करमाडचे देशमुख ना तुम्ही? बसा. चहा घेता का?" चहा संपेपर्यंत मी 'तुम्ही'चा 'तू' झालो होतो आणि अभिजितचा अभी. माझ्या आईनंतर मला अभी म्हणणारं दुसरं माणूस तेच.

बुटक्या, अंगानं भरलेल्या, चालताना डावा पाय किंचित ओढणाऱ्या. स्कूटीवरून यायच्या. स्कूटीच्या डिकीत डबा, पान्यांची पिशवी आणि कायम काहीतरी शिवणाचं. गुलमंडीत त्यांच्या वडिलांचं दुकान होतं, अस्तर, फॉल, बटणं, नाड्या असल्या मालाचं. ते आता भाऊ बघायचा, पण बाजींच्या बोटांतून ते दुकान गेलं नव्हतं. सर्व्हरच्या प्रत्येक तारेला त्या पांढऱ्या कापडी पट्टीचा तुकडा बांधायच्या आणि त्यावर धोब्याच्या शाईच्या पेनानं लिहायच्या: 'काटा', 'गोदाम', 'बाहेरची लाइन'. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. मला हे बघून कसंतरीच झालं. सर्व्हरची खोली आहे की शिंप्याचं दुकान? मी साहेबांच्या मागं लागून लेबल छापायचं मशीन आणवलं आणि सोयगावला जाऊन सगळ्या पट्ट्या काढून चकचकीत स्टिकर लावून आलो. मे महिन्यात तिथल्या उष्म्यानं आणि रुईच्या भुशानं सगळे स्टिकर सुटून खाली पडले. पुढच्या खेपेला गेलो तर प्रत्येक तारेला पुन्हा कापडी पट्टी. सोयगावचा काटा सांभाळणारा गणपत म्हणाला, "सायेब, तुमचे कागद झाडून टाकले बगा. बाई येऊन गेल्या परवा. तुमी कायला एवढ्या लांब येता, त्यांनाच धाडत जा की."

याला मी हसून मान डोलावली. परतीच्या तीन तासांत ड्रायव्हरवर उगाचच डाफरत राहिलो.

आता त्यांच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर माझं दुखणं कळायचं नाही. सर्व्हरच्या पाठीमागं तारा खोचायच्या जागा असतात. सर्व्हरच्या लेखी त्यातली प्रत्येक जागा म्हणजे एक दार. दाराला नाव असतं, पत्ता असतो. कुठल्या दारानं आतल्या कॉम्प्युटरांशी बोलायचं, कुठल्या दारानं बाहेरच्या लायनीवर जायचं, हे एका फायलीत लिहून ठेवावं लागतं. त्या फायलीत एक आकडा चुकला तरी सर्व्हर वरून ठणठणीत दिसतो. पंखे फिरतात, दिवे लुकलुकतात, फक्त तो कुणाशी बोलत नाही. शिवाय आम्ही हे काम बहुतेक वेळा शहरात बसून करायचो. म्हणजे ज्या दारातून आत शिरलो, आत बसून त्याच दाराचा पत्ता बदलायचा. चुकलं की दार लागलं आणि आपण बाहेर. मग गाडी काढा आणि सोयगाव गाठा. या धंद्यातल्या प्रत्येकानं असा एक तरी प्रवास केलेला असतो. मी तीन केले. बाजींनी अठरा वर्षांत एकही केला नव्हता.

कारण त्यांची एक रीत होती. पत्त्याला हात लावायच्या आधी त्या जुनी फाइल जपून बाजूला ठेवायच्या आणि सर्व्हरलाच सांगून ठेवायच्या, की दहा मिनिटांनी ही जुनी फाइल परत जागेवर घाल आणि नेटवर्क पुन्हा चालू कर. मग बदल करायच्या. बदल बरोबर निघाला, तर पुन्हा आत शिरून तो दहा मिनिटांचा हुकूम रद्द करायचा. चुकला, तर काही करायचं नाही. चहा प्यायचा. दहा मिनिटांत सर्व्हर स्वतःच पहिल्यासारखा होतो.

यातली मेख एवढीच, की काम फत्ते झाल्यावर हुकूम रद्द करायचं विसरलं तर चांगलं झालेलं कामही दहा मिनिटांनी उलटतं. म्हणून बाजी हुकूम देताना ओढणीच्या टोकाला गाठ मारायच्या. रद्द केला की गाठ सोडायच्या. गाठ असताना त्या खुर्चीवरून उठायच्या नाहीत, फोन घ्यायच्या नाहीत. एकदा खुद्द शेठ, म्हणजे आमचे मालक, दारात येऊन उभे राहिले तर त्यांनी नुसतं ओढणीचं टोक वर करून दाखवलं. शेठ निमूट बाहेर जाऊन उभे राहिले. माझ्यासाठी शेठ कधी अर्धं मिनिटही थांबले नसते.

"वापस यायची सोय केली का?" हे त्यांचं वाक्य. कुणीही काहीही करायला निघालं की हेच. पाठक साहेब मुलीसाठी स्थळ बघायला नाशिकला निघाले तेव्हासुद्धा त्यांनी हेच विचारलं. मी एकदा वैतागून म्हणालो, "बाजी, आपण नीट तपासून केलं तर चुकेलच कशाला?"

"तू तपासतोस तेव्हा तुला बरोबरच वाटतं ना?"

"हो."

"मग? ज्याचं चुकतं त्यालाबी बरोबरच वाटत असतं बाबा. आपण इन्सान हाय. वाटण्यावर दार लावून घ्यायचं नाय." आणि मग चष्म्यावरून बघून, "ये, बस. दाखवते तुला कसं करायचं. पाच मिन्टाचं काम हाय."

मी बसलो नाही. मला येतं, म्हणालो. खरं म्हणजे त्या हुकमाची नेमकी ओळ कशी लिहायची हे मला येत नव्हतं. त्या जेवायला गेल्या की मी सर्व्हरच्या नोंदींत शिरून त्यांनी काय काय लिहिलंय ते बघायचो आणि वहीत उतरवून घ्यायचो. शेजारच्या टेबलावर बसलेलं माणूस 'ये, दाखवते' म्हणत असताना मी चोरून शिकत होतो. विचारणं म्हणजे हरणं, असं काहीतरी माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

करमाडची गोष्ट तर माझ्याच गावातली. गोदामातल्या सर्व्हरला डिस्कचं एक नवीन कार्ड बसवायचं होतं, मी एकटाच गेलो. गोदामावर वॉचमन माझा चुलतभाऊ, बाहेर ओट्यावर गावातली ओळखीची चार माणसं. देशमुखाचं पोरगं काय करतंय ते बघायला आलेली. कार्ड बसवलं, सर्व्हर चालू केला, तर तो कुणाशी बोलायलाच तयार नाही. फाइल तपासली, तारा तपासल्या, बदलल्या, पुन्हा बदलल्या. दोन तास झाले. चुलतभाऊ दर दहा मिनिटांनी पाणी आणून द्यायचा आणि विचारायचा, "झालं का रं?" शेवटी मी गोदामाच्या मागं जाऊन बाजींना फोन लावला. त्या जालन्याला भाचीच्या लग्नात होत्या. मागं भांड्यांचा आणि बायकांच्या हसण्याचा गलका.

"काय हात लावला होता?"

"काही नाही."

"काही नाय म्हणजे? नवीन काय बसवलं?"

"डिस्कचं एक कार्ड. पण त्याचा नेटवर्कशी काय संबंध?"

"हाय ना संबंध." त्यांनी कुणाला तरी "ठैरो जरा" म्हटलं आणि बहुतेक बाजूला गेल्या. "कार्ड कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून मशीन दाराला नाव देती. तू मधीच नवीन कार्ड घातलं, तर मोजणी सरकली असंल. दाराचं नाव बदललं. अन् फायलीत जुनंच नाव हाय. तू जुन्या नावानं हाका मारायलास बाबा, त्या नावाचं आता घरात कुणी नाय."

"मग आता?"

"मशीनच्या कपाटाचं दार उघड. आतून एक पट्टी चिकटवलीय बघ. प्रत्येक कार्डाचा कारखान्यातून आलेला नंबर लिवलाय त्याच्यावर. तो कधी बदलत नाय. फायलीत त्या नंबरालाच नाव बांधून टाक, मग कार्ड कुठंबी बसव." आणि मग एकदम वेगळ्या आवाजात, "जेवलास का? आई हाय ना तिथं जवळ? जेवून घे."

दहा मिनिटांत सर्व्हर बोलायला लागला. ओट्यावरची माणसं "वा वा" म्हणाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाठक साहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, की नाव सरकल्याचं माझ्या लक्षात आलं, मग मी ते नंबराला बांधलं. साहेबांनी पाठ थोपटली. बाजी समोर डबा उघडत होत्या. शुक्रवार होता, त्यांचा खिचडी आणि खट्ट्याचा, म्हणजे चिंचेच्या आंबट साराचा, दिवस. "चांगलं केलंस," त्या म्हणाल्या आणि वाटी माझ्याकडं सरकवली. मी खाल्लं. लाज वाटली असं आता म्हणता येईल, पण तेव्हा मुख्यतः राग आला होता. ही बाई चिडत का नाही, याचा राग.

सगळ्यात कहर म्हणजे माझी आई. बाजी एकदा करमाडला कामाला आल्या तेव्हा आमच्या घरी पाणी प्यायला थांबल्या, आणि आईच्या मोबाईलमधलं काहीतरी अडकलेलं दुरुस्त करून गेल्या. तेव्हापासून आईचा फोन आला की पहिला प्रश्न, "बाजी कशी हाय रं? तिला म्हणावं मोबाईल परत अडकायलाय." मी म्हणायचो, "मला सांग की, मी इंजिनिअर आहे." तर आई म्हणायची, "तुला कुटं टाइम असतो बाबा. तू तिलाच ईचार."

पाठक साहेबांचं निवृत्त व्हायचं ठरलं तेव्हा विभागप्रमुखाच्या खुर्चीचा प्रश्न आला. खुर्ची एक आणि माणसं दोन. मला ती हवी होती हे सगळ्यांना दिसत होतं. बाजींचं मला कळत नव्हतं, म्हणून एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

त्या तारेला पट्टी बांधत होत्या. "मला साहेबी कायला पायजे रे," म्हणाल्या. मग हातातलं थांबवून गळ्यातलं ओळखपत्र उलटंसुलटं केलं. "पण हे बदलंल ना. माझी पोरगी कॉलेजात हाय. तिला फॉर्मवर लिहायचं होतं, आई काय करती. मी कार्ड दाखवलं. ती म्हणती, अम्मी, तू तर टायपिंग करतच नाहीस. अठरा वर्षं झाली अभी. एकदा खरं लिहिलेलं पायजे."

त्यांना ती खुर्ची कशासाठी हवी होती हे मला त्या दिवशी कळलं. माझ्यापेक्षा त्यांचं कारण चांगलं होतं, हेही कळलं. पोटात आणखीच दुखायला लागलं.

शेठनं निर्णय एका कामावर सोडला. सोयगावला नवीन, वेगवान लाइन आली होती. ऐन हंगाम, काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग. गाडीचं वजन तिथं व्हायचं, ते शहरातल्या सर्व्हरवर यायचं, इथून मंजूर झालं की तिथं पावती निघायची. ते सगळं जुन्या लायनीवरून नव्या लायनीवर आणायचं होतं, तेही गाड्या फार न अडवता. शेठ म्हणाले, "अभिजित, तू इथून कर. मी बघतो बसून. शाहीनबाई तिथं तार बदलतील." कोण मुख्य आणि कोण मदतनीस, ते एका वाक्यात ठरलं. मला आत गुदगुल्या झाल्या.

ठरलेल्या दिवशी सकाळी अकरा वाजता मीटिंगच्या खोलीत काट्याची वजनं दाखवणारा मोठा पडदा, शेठ, पाठक साहेब, आणखी तिघं-चौघं. फोन स्पीकरवर, पलीकडं सोयगावहून बाजी. काम असं, की मी सर्व्हरच्या बाहेरच्या दाराला नवा पत्ता द्यायचा, त्याबरोबर माझा संपर्क तुटणार. मग बाजींनी तार जुन्या लायनीच्या डब्यातून काढून नव्या लायनीच्या डब्यात खोचायची, आणि मी नव्या लायनीनं पुन्हा आत शिरायचं. मी वहीत चोरून उतरवलेली ती ओळ काढली आणि दहा मिनिटांचा हुकूम देऊन ठेवला. आणि तेवढ्यात स्पीकरवरून बाजींचा आवाज आला, "अभी, वापस यायची सोय केली का?"

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. हो म्हणालो असतो, तर ही रीत बाजींची आहे हे पाठक साहेबांना तरी माहीतच होतं. मी म्हणालो, "त्याची गरज नाही बाजी. मी सगळं तपासलंय."

"बरं," त्या म्हणाल्या.

मी बदल केला. संपर्क तुटला. बाजींनी तार हलवली. मी पुन्हा आत शिरलो आणि पडद्यावर काट्याचं पहिलं वजन झळकलं. दुसरं. तिसरं. शेठनं टाळी वाजवली. पाठक साहेबांनी हात मिळवला. कुणीतरी चहा आणि बालूशाही आणायला सांगितली. शेठ मला विचारायला लागले, करमाडलाही अशीच लाइन घेता येईल का, आणि मी खुर्चीत मागं रेलून ऐटीत सांगत बसलो. माझ्या अंगावर ओढणी नव्हती, आणि हुकूम दिलाय हे मी ज्या एका माणसापासून लपवलं होतं, तेच एक माणूस मला आठवण करून देणारं होतं.

बालूशाहीचा पहिला घास तोंडात होता तेव्हा पडदा थांबला. सर्व्हरनं सांगितल्याप्रमाणं इमानानं जुनी फाइल परत जागेवर घातली होती. पत्ता जुना, तार नव्या डब्यात. सोयगाव गप्प झालं. मला लगेच कळलं काय झालंय ते.

"काय झालं?" शेठ गरजले. "अभिजित? काय झालं?"

मी हातातली बालूशाही ताटलीत ठेवली. बोलण्यासारखं एकच वाक्य होतं.

"शाहीनबाई, तिकडं काय आहे?"

स्पीकरवर गाड्यांचे हॉर्न आणि गणपतचं ओरडणं ऐकू येत होतं. बाजींचा आवाज नेहमीसारखाच होता. "बघते शेठ. पाच मिन्टं द्या." मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज, मग किबोर्डचा आवाज. सहा-सात मिनिटांनी पडद्यावर वजनं पुन्हा चालू झाली.

"काय होतं?" शेठनं विचारलं.

"काही नाय शेठ. तार माझ्याकडूनच ढिली राहिली होती. बसवली."

शेठनं मान हलवली. कागदावर काहीतरी लिहिलं. मी त्यांच्या समोर बसलो होतो, हाताच्या अंतरावर. तेव्हा बोलता आलं असतं. त्या दिवशी संध्याकाळी बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवशी, त्या आठवड्यात कधीही. पुढच्या सोमवारी शेठ म्हणाले, "शाहीनबाई हुशार आहेत, वादच नाही. पण ऐन वेळी तार ढिली राहते म्हणजे काय? त्या खुर्चीवर जबाबदार माणूस पाहिजे." आणि खुर्ची मला मिळाली.

मी पेढे वाटले. बाजींनी एक घेतला, अर्धा तोडून तोंडात टाकला आणि "मुबारक" म्हणाल्या. मी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी शोधत होतो, टोमणा, राग, निदान उपकार केल्याची जाणीव. काही सापडलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं की खुर्ची मिळाली की हे जळणं थांबेल. उलट ते वाढलं. आता मला त्यांच्या खोटं बोलण्याचाही हेवा वाटायला लागला. इतक्या सहज, एका वाक्यात, कुणाला काही न दाखवता त्यांनी मला वाचवलं होतं. माझ्या जागी त्या असत्या तर मी काय केलं असतं, ते मला चांगलं माहीत होतं.

पुढं आठ महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात जागा निघाली होती, तिथं कागद कमी बघितले आणि सर्व्हरसमोर बसवून काम जास्त बघितलं, असं ऐकलं. जाताना त्यांना अनुभवाचा दाखला हवा होता. ऑफिसनं रेकॉर्डवरून टाइप करून माझ्याकडं सहीला पाठवला. 'डेटा एंट्री ऑपरेटर या पदावर समाधानकारक काम केले.' बदलणं माझ्या हातात होतं. फक्त शेठकडं जावं लागलं असतं, आणि शेठनं त्या तारेचा विषय काढला असता. मी सही केली. बाजींनी दाखला वाचला, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "आई बरी हाय ना?"

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांना पाहिलं नाही. फोन करायचं अनेकदा ठरवलं. सर्व्हर अडला की जास्तच.

यंदा अप्पांना, माझ्या वडिलांना, छातीच्या तपासणीसाठी त्याच हॉस्पिटलात न्यावं लागलं. अप्पा बाकावर बसले होते. आई त्यांच्याजवळ. मी येरझाऱ्या घालत कॉरिडॉरच्या टोकाला गेलो तर एक काचेचं दार, आत सर्व्हरची कपाटं, आणि पाठमोऱ्या बाजी. शेजारी तिशीची एक मुलगी स्क्रीनकडं बघत बसलेली. मी वळणारच होतो, तेवढ्यात बाजींनी मागं पाहिलं. लगेच बाहेर आल्या. केस बरेच पांढरे झाले होते.

"अभी! कुणाला आणलंस? आई?"

"अप्पांना. विशेष नाही, तपासणी आहे."

"कोणत्या डॉक्टरला दाखवायलास? सांगते मी त्यांना." गळ्यात नवं ओळखपत्र होतं. 'नेटवर्क प्रमुख'. मी ते वाचतोय हे त्यांना दिसलं असावं.

मग मीच बोललो. कशाला, कसं, माहीत नाही. "बाजी, सोयगावला त्या दिवशी तार ढिली नव्हती. मी हुकूम दिला होता आणि रद्द करायचा राहिला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

"मालूम हाय ना," त्या म्हणाल्या. "मशीनवर बसले तेव्हाच दिसलं. बरोबर दहा मिन्टांनी फाइल फिरली होती. माझीच ओळ होती ती, जशीच्या तशी."

"मग तार का म्हणालात?"

"शेठ स्पीकरवर होते. खरं सांगितलं असतं तर तुला झापत बसले असते अर्धा तास. तोवर मी फोन धरून बसले असते, अन् काट्यावरचा गोंधळ निस्तरायचा कुणी? बाहेर गाड्या तुंबल्या होत्या, गणपतला मारायला निघाले होते लोक."

"ते त्या वेळचं झालं. पण नंतर?"

बाजींनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला. "नंतर तू सांगशील, असं वाटलं होतं मला."

रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. सरळ म्हणाल्या. तेवढ्यात आतून त्या मुलीचा आवाज आला.

"मॅडम, हे मला अजिबात नाही समजलं. पहिल्यापासून सांगाल का पुन्हा?"

"आले बेटा," बाजी म्हणाल्या. माझ्या दंडावर हात ठेवला, "अप्पांचं झालं की सांग मला," आणि आत गेल्या. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. दार उघडंच राहिलं होतं. "हे बघ, मशीनला दोन दारं हायेत," त्यांनी सुरुवात केली. अगदी पहिल्यापासून.

सात वर्षं मी त्या बाईच्या शेजारच्या टेबलावर बसलो होतो, आणि 'मला नाही समजलं' हे एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं. या मुलीनं ते किती सहज म्हटलं होतं. दारात उभा राहून मी त्या अनोळखी मुलीकडं बघत राहिलो, आणि मला तिचा इतका हेवा वाटला, की पलीकडून अप्पांच्या नावाचा पुकारा झाला तो मला ऐकूच आला नाही.